आधी पाय धू, मग घरात ये

मी एक जुना संगणक आहे, आणि मी अजून भंगारात गेलेलो नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण मला भंगारात घालायचं एकदा ठरलं होतं. तेही माझी काही चूक नसताना!

नाशिकच्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले. पडदा एका कंपनीचा, कळफलक दुसरीचा, पंखा कुठला ते मलाही ठाऊक नाही. अंबडच्या कारखान्यात काम करणाऱ्या प्रफुल्लने मला घरी आणलं. त्याच्या आईने, भिमाबाईंनी, माझ्यासाठी क्रोशाचं पांढरं झाकण विणलं. "लय नाजूक हाय हे," त्या म्हणाल्या. मी नाजूक नव्हतो, पण झाकण मला आवडलं.

प्रफुल्लची मुलगी चैताली माझ्यावर चित्रं रंगवत मोठी झाली. पण माझे सगळ्यात मानाचे दिवस तिच्या आजोबांमुळे आले. निवृत्ती आजोबा वस्तीच्या गायन पार्टीत गायचे. भीमजयंतीला त्यांच्या गाण्याशिवाय चौक हलायचा नाही. आवाज थकू लागला, तेव्हा चैतालीने त्यांना माझ्यापुढे बसवलं आणि त्यांची गाणी माझ्यात भरून घेतली. मध्येच त्यांना खोकला यायचा. "थांब गं चैते, पाणी दे आधी," असं ते म्हणायचे. तेही मी जपून ठेवलं. पुढे आजोबा गेले. त्यांचा आवाज माझ्याशिवाय जगात कुठेच उरला नाही.

माझ्या दाराशी एक पहारेकरी होता. त्याला अँटीव्हायरस म्हणतात. तो शूर होता. पण मित्रांनो, पहारेकऱ्याला चोराचा चेहरा माहीत असावा लागतो. चोर रोज नवे जन्मतात. म्हणून त्याला सतत नवी माहिती द्यावी लागते, त्यालाच अपडेट म्हणतात. पडद्याच्या कोपऱ्यात तो सारखी विनंती करायचा, "मला अपडेट करा." प्रफुल्ल 'नंतर' हे बटण दाबायचा. "मोबाईलचं नेट संपतं रे बाबा. आणि एकदा टाकलंय ना अँटीव्हायरस? मग कशाला ही कटकट!" तो 'नंतर' कधी उजाडलाच नाही. माझा पहारेकरी जुन्या चोरांचे चेहरे घोकत बसून राहिला.

आमच्या वस्तीत जयंतीच्या आधी एक पेनड्राइव्ह घरोघर फिरतो. ज्याच्याकडे जे चांगलं गाणं असेल, ते त्याने त्यात घालायचं. मंडळाचे दत्तूकाका तो घेऊन येतात. त्याला कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हणणं म्हणजे जयंतीची वर्गणी नाकारण्यासारखंच!

"जय भीम, वहिनी! यंदा निवृत्तीदादांचं गाणं पहिलं लावायचं," काका भिमाबाईंना म्हणाले आणि त्यांनी पेनड्राइव्ह माझ्यात खुपसला. कितीतरी घरं हिंडून आलेला तो! त्याच्या पोटातून व्हायरस सरळ आत शिरला. पहारेकऱ्याने त्याला ओळखलंच नाही.

क्षणात गाण्यांच्या जागी भलतीच चिन्हं दिसू लागली. चैतालीने एकेक उघडून पाहिलं. कुठेच आवाज नाही.

"डबा म्हातारा झालाय," दत्तूकाका म्हणाले.

"रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकू," प्रफुल्ल म्हणाला.

मेलेल्या माणसाच्या तोंडावर पांघरूण ओढावं, तसं भिमाबाईंनी माझ्यावर झाकण ओढलं. मला राग आला, मित्रांनो! मी पंखा जोराने फिरवला. अहो, मी जिवंत आहे! चोराने गाणी लपवली आहेत, नेलेली नाहीत. माझ्या पोटातून एकही गाणं मी त्याला नेऊ दिलेलं नाही!

"आजी, हा घरघरतोय बघ," चैताली म्हणाली. तिने शाळेतल्या मोहिनी मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "काही पुसू नकोस. आधी अँटीव्हायरस अपडेट कर, मग पूर्ण तपासणी कर. लपलेल्या फाइल कशा दाखवायच्या ते मग सांगते."

"पप्पा, तुमचं नेट द्या."

"आज संपेल की गं!"

"संपू दे," भिमाबाई म्हणाल्या. "नेट उद्या येईल. तुझा बाप येणार हाय का?"

प्रफुल्लने मोबाईल पुढे केला. माझ्या पहारेकऱ्याला नवे चेहरे मिळाले. त्याने कोपरा न् कोपरा धुंडाळला आणि चोराला मानगुटीला धरून बाहेर काढलं. मग चैतालीने मॅडमनी सांगितलं तसं केलं, आणि लपलेली गाणी एकामागून एक समोर आली. तिने त्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली. ती आता भिमाबाईंच्या लोखंडी पेटीत असते.

रविवारी भंगारवाला दारावरून ओरडत गेला. त्याला कुणी थांबवलं नाही. दत्तूकाका मात्र थांबले, तोच पेनड्राइव्ह घेऊन.

"काका, आधी तपासू द्या," चैताली म्हणाली.

"जयंतीचा पेनड्राइव्ह आणि तपासायचा? आमच्यावर संशय घेता का काय?"

"भाऊजी," भिमाबाई म्हणाल्या, "तुम्ही आत्ता आलात ते पाय धुऊनच ना? मग त्याचे पण धुवा."

काकांनी आपल्या ओल्या पायांकडे पाहिलं आणि हसून पेनड्राइव्ह चैतालीच्या हातात दिला. माझ्या पहारेकऱ्याने लाल अक्षरांत आरोळी ठोकली. चोर आत दडलेलाच होता! यावेळी तो उंबऱ्यावरच पकडला गेला. "बाकीच्या घरांत पण सांगावं लागेल," काका पुटपुटले.

जयंतीच्या सकाळी चौकातल्या कर्ण्यातून पहिलाच आवाज आला, "थांब गं चैते, पाणी दे आधी." सगळी वस्ती हसली. भिमाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग आजोबा गाऊ लागले.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरच्या संगणकाच्या कोपऱ्यात सूचना आली की 'नंतर' दाबू नका. खुशाल मला कटकट्या म्हणा, म्हातारा डबा म्हणा. मी ओरडतच राहणार. ज्याच्या पोटात एखाद्याचा आवाज आहे, त्याने गप्प बसायचं नसतं.