दुधातून दिलेली पिवळी कॅप्सूल

मित्रांनो, मी औषधाचा एक जुना कण आहे. एका मुलीच्या दुधाच्या दातात मी राहतो. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही.

मी कॅप्सूलमधल्या पिवळ्या पुडीचा कण होतो. वाळवंटातल्या मआनच्या पठारावर एका काळ्या तंबूत मुझना तापाने फणफणली होती. तिला दिवस गेले होते. कच्च्या दुधातून अंगात शिरणारा तो ताप. तिचा नवरा अवाद शहरातून कॅप्सूल घेऊन आला.

"आई, औषधवाला म्हणालाय, पाण्याबरोबरच द्या."

"पाणी?" त्याची आई तुर्फा हसली. "आजाऱ्याला पाणी पाजायला आपल्या सांडण्या आटल्यात का रे? त्या शहरातल्याला दुधाची चव तरी ठाऊक आहे?"

तिने सांडणीच्या, म्हणजे उंटिणीच्या, ताज्या दुधाचे भांडे सुनेच्या ओठांना लावले. "पी गं, माझ्या डोळ्यांच्या प्रकाशा."

आमचा एक स्वभाव आहे. चुना, म्हणजे कॅल्शियम, भेटला की आम्ही त्याला चिकटतो. दुधातही चुना असतो. माझे बहुतेक सोबती दुधातच अडकले आणि तसेच शरीराबाहेर गेले. रक्तात पोहोचलो ते आम्ही थोडे. तापाशी लढायला फारच थोडे. रक्ताने मला नाळेतून आत नेले. तिथे अंधारात इवले दात घडत होते. त्यांच्या चुन्याला मी चिकटलो, तो कायमचा. बाहेरून मुझनाचे कण्हणे ऐकू येई. मुलीला जन्म देऊन ती गेली.

मुलीचे नाव शैखा. तिचे दात पिवळे निघाले आणि उजेडाने तपकिरी झाले.

"हिच्या तोंडात गंज चढलाय!" चुलतभाऊ चिडवत.

एकदा फिरता डॉक्टर आला. त्याने तिचे दात पाहिले आणि तुर्फाला विचारले, "हिची आई पोटुशी असताना कॅप्सूल घेत होती?"

"मीच देत होते. दुधातून."

"दुधातून? आजी, दूध ते औषध धरून ठेवतं. अंगात जाऊ देत नाही."

तुर्फाने हातातले दुधाचे भांडे खाली ठेवले.

आज सकाळी माझा दात पडला. पडलेला दात सूर्याकडे फेकायची तिथली रीत, म्हणून शैखा तो घेऊन उन्हात धावली. "सूर्या, गाढवाचा दात घे, हरणाचा दे!" ती फेकणार, तोच तुर्फाने तिचे मनगट धरले.

"नको, पोरी. तुझ्या आईचं औषध आहे त्यात."

"मग ते आईला का नाही पोचलं?"

तुर्फाने दात मुठीत घट्ट धरला.

मित्रांनो, या मुठीत फार अंधार आहे. आजाऱ्यावर माया जरूर करा, पण औषध कशाबरोबर द्यायचे ते सांगितलेले ऐका.