कापडाची कात्री

थोरलीने मास्तरांच्या तळपायावरून पेनाचं टोपण ओढलं. टाचेपासून अंगठ्यापर्यंत, नर्सबाईंनी दाखवलं होतं तसं. पाय हलला नाही. तिने दुसरा पाय धरला.

"हलला?" खिडकीपाशी उभ्या असलेल्या धाकट्या भावाने विचारलं.

"हलला असता तर मी अशी गप्प बसले असते का?"

एकवीस दिवस झाले होते. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसलेला त्यांचा बाप दुकानातच कोसळला, मेंदूत रक्तस्राव झाला, आणि तेव्हापासून डोळे मिटून पडला होता. पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्यात दोन रकाने होते. एकावर 'स्टिम्युलस', दुसऱ्यावर 'रिस्पॉन्स'. पहिला रकाना भरून वाहत होता. हाक, चिमटा, उजेड, थंड पाणी, नातवाचा आवाज. दुसऱ्यात एकाखाली एक नुसत्या आडव्या रेघा. आज अकरा वाजता डॉक्टर शेवटचं बघणार होते. काही दिसलं नाही तर मास्तरांची रवानगी मागच्या वॉर्डात. तिथे व्यायाम नाही, तक्ता नाही, कुणी हाक मारत नाही. तिथे माणूस ठेवतात, पुसतात आणि वाट बघतात. कशाची, हे सांगायची हिंमत कुणाच्यात नसते.

धाकटा शाळेत इंग्रजी शिकवायचा. आल्या दिवसापासून तो 'स्टिम्युलस' या शब्दाच्या मागे लागला होता.

"मूळ लॅटिन आहे, ताई. बैलाला टोचायची पराणी, ती स्टिम्युलस. मग अर्थ वाढत गेला. आपण उद्दीपक म्हणतो. चहा-कॉफी म्हणजे स्टिम्युलंट, ते त्याच कुळातलं. बाजार झोपला की सरकार पैसे ओततं, तेही स्टिम्युलस. एकापेक्षा जास्त असले की स्टिम्युलाय."

"झालं? आता हे बाबांच्या कानात सांग. कंटाळून तरी उठतील."

"काल सांगितलं."

"मग?"

"रेघ."

थोरलीला हसू आलं आणि त्याचीच लाज वाटली. तिने पिशवीतून कोट काढला. उद्या द्यायचा होता, काजं राहिली होती. बाप अंथरुणाला खिळला म्हणून गिऱ्हाईक काही उघड्या अंगाने हिंडत नाही. मांडीवर कोट, बाजूला रीळ, उशापाशी कात्री, असं दुकान मांडून ती टाके घालू लागली आणि तोंडाने डॉक्टरांनी सांगितलेलं गोड बोलणं सुरू केलं.

"बाबा, आम्हाला तुमची फार आठवण येते. तुम्ही किती प्रेमाने वाढवलंत आम्हाला."

धाकट्याने मान फिरवली. प्रेमाने! मास्तर आयुष्यात कुणाशी गोड बोलले नव्हते. चुकलं की ओरडायचे आणि बरोबर आलं की गप्प बसायचे. ती गप्प बसण्याची मजुरी मिळावी म्हणून दोघं पोरं मर मर राबली होती. आता एकवीस दिवस ती दोघं त्या कानांत साखर ओतत होती, आणि कान दगडाचे.

पावणेअकराला नर्सबाई आल्या. हातात एक लांब कागद होता. वरचा अर्धा वॉर्डसाठी, खालचा घरच्यांसाठी.

"डॉक्टरांनी फॉर्म तयार ठेवायला सांगितलाय," त्या खाली बघत म्हणाल्या. "नुसता तयार. सही नंतर."

थोरलीने वाचलं. मागच्या वॉर्डाचा नंबर आधीच भरलेला होता. तपासणी व्हायची होती, निकाल लागला होता.

"वा! कबरीचं मापसुद्धा घेऊन ठेवा."

"माझ्यावर चिडून काय होणार, ताई? मी हुकमाची ताबेदार." नर्सबाईंनी खिसे चाचपले. "हे मधून कापायचंय. माझी कात्री कुणी नेली कोण जाणे. तुमची देता?"

थोरलीने कात्री उचलून दिली. तिच्या डोक्यात तो वॉर्डाचा नंबर फिरत होता, हात काय करतोय तिकडे लक्षच नव्हतं.

कर्र्र. कात्री कागदातून गेली.

"क्क..."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चादरीवरची मास्तरांची बोटं आखडली होती. ओठांची एक बाजू वर ओढली गेली. नर्सबाईंनी दचकून कागदावर पुन्हा एकदा पाती मिटली.

"कागद," मास्तर म्हणाले. चिखलातून पाय उपसावा तसा शब्द आला. मग दम घेऊन, "गधडे."

थोरलीच्या मांडीवरून कोट घसरला. कापडाच्या कात्रीने कागद! सात वर्षांची असताना तिने वहीचं कव्हर कापलं होतं. कागदाने धार मरते म्हणून बापाने पाठीत धपाटा घातला होता आणि आठवडाभर दुकानाची पायरी चढू दिली नव्हती. त्या घरात उपाशी राहिलेलं चालायचं, हे चालत नव्हतं.

"बाबांनी मला गधडी म्हटलं," ती धाकट्याला म्हणाली. "ऐकलंस ना? मलाच म्हटलं!"

"तुलाच," धाकटा म्हणाला, आणि तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे वळला.

डॉक्टर आले. त्यांनी ऐकून घेतलं, घड्याळ बघितलं.

"नातेवाइकांना असं वाटतं. घशातून आवाज निघतात, त्याला काही अर्थ नसतो. काय केलं होतं तुम्ही? पुन्हा करून दाखवा. तेच, तसंच."

नर्सबाईंनी उरलेला अर्धा कागद आणि कात्री थोरलीच्या हातात दिली. तिने पाती उघडली, कागद मध्ये धरला आणि पलंगाकडे पाहिलं. उजवी पापणी अर्धी वर गेली होती. बुबुळ तिच्या हातावर रोखलेलं होतं.

पाती उघडीच राहिली.

"कापा ना, बाई. मला पुढचे पेशंट आहेत."

"नाही हो," थोरली हळूच म्हणाली आणि कात्री पाठीमागे लपवली. "ते बघतायत."