गुडघ्यातली जाळी

इच्छापोरच्या कारखान्यात आम्ही गुडघ्यात बसवायची जाळी बनवतो. रुपयाच्या नाण्याएवढी, खालून हाडासारखी टणक, वरून कूर्चेसारखी मऊ. तिच्यात शरीराच्या पेशी शिरतात, नवं हाड आणि कूर्चा धरते, मग जाळी विरघळून जाते. सात वर्षं मी हेच करतेय. आता रुग्णांवर चाचणी सुरू आहे आणि खरं सांगायचं तर मी थकलेय.

चाचणीत माझी आईही होती, नातं रीतसर लिहून देऊन. आई, मंगलाबाई, पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामावर असताना ओल्या फरशीवर घसरली आणि गुडघ्यातलं हाड कूर्चेसकट फुटलं. ऑपरेशन चांगलं झालं. अट एकच: सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. जो टेकवेल तो चाचणीतून बाद, त्याला दुसरी जाळी मिळणार नाही. मी तिला हे इतक्यांदा सांगितलं की माझं मलाच ऐकवेना.

चौथ्या आठवड्यात डिंडोलीत आमच्या गल्लीत आम्हा अहिराणी लोकांची देवी कानबाई बसली. सोमवारी विसर्जन होतं आणि मी कामावर. संध्याकाळी घरी आले तर आई पलंगावर, कपाळभर कुंकू, गुडघा टम्म सुजलेला. शेजारच्या उषाबाईंनी कौतुकानं सांगितलं की आईनं कानबाई डोक्यावर घेतली आणि गल्लीच्या टोकापर्यंत नाचत नेली.

मी तोंडाला येईल ते बोलले.

"कानबाईले बोलेल व्हतू," ती म्हणाली. "तुना कामले यश ऊनं ते डोकावर लिसन नाचसू."

गुडघा दुखायचा थांबला होता, म्हणजे तिच्या हिशेबी माझ्या कामाला यश आलं होतं आणि नवस फेडायची वेळ झाली होती. मग देवीला ताटकळत कशाला ठेवायचं? मी तिच्या पायाशी बसले. मला धड रागही येईना.

तपासणीत जाळी सुटून सरकलेली दिसली. डॉक्टरांनी गुजरातीत विचारलं, पाय टेकवला होता का? हो म्हटलं तर आई बाद. नाही म्हटलं तर जाळी आपोआप सुटली असं ठरून नापास, माझी सात वर्षं पाण्यात. आणि मी नाहीच म्हणणार होते.

आईला तेवढं गुजराती कळतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगी दे त्यासले. जाळी चांगली व्हती, बाई येडी व्हती."

डॉक्टरांना अहिराणी कळली नाही. ते माझ्याकडे बघत थांबले. मग मीच त्यांना ते गुजरातीत सांगितलं.