पुढची सीट

"फीबी म्हणते, सकाळी अंडं खाल्लं पाहिजे. टोस्टने नुसतं पोट भरतं, डोकं चालत नाही."

हे सांगताना टलीशाच्या तोंडात मर्ल आंटीने दिलेला टोस्टच होता. मर्लने गिअर जरा जोरातच टाकला आणि जुनी स्टेशन वॅगन कुरकुरली. अकरा वर्षं ही पोरगी याच गाडीत, याच पुढच्या सीटवर बसून, याच फॉइलमधला टोस्ट खात शाळेला जात होती. डोकं तिचं झकास चाललं होतं. चाललं नसतं तर त्या फीबीने तिला हिंग लावून तरी विचारलं असतं का?

"अजून काय म्हणते फीबी?" मर्लने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

"खूप काही. मी नर्स होऊ शकते म्हणते. मला असं सांगणारी ती पहिलीच."

पहिलीच. मर्लने समोरच्या रस्त्यावरची नजर हलवली नाही. टलीशा पाच वर्षांची असताना तिने कुत्र्याच्या पायाला सॉक्स गुंडाळला होता, तेव्हा कोण म्हणालं होतं, ही आपली नर्स होणार म्हणून? हिची आई गेली त्या वर्षी ही दवाखान्याच्या बाकावर बसून सलाइनचे थेंब मोजायची, तेव्हा कोण म्हणालं होतं? दरवर्षी म्हणत होती मर्ल. पण पिकतं तिथे विकत नाही. तेच शब्द सिडनीहून विमानात बसून आले आणि त्यांना भाव आला.

शाळेच्या कागदोपत्री मर्ल 'समाज संपर्क सहायक' होती. काम एकच. आपल्या लोकांची, म्हणजे गावाबाहेरच्या मिशनच्या वस्तीवरची मूळनिवासी पोरं अंथरुणातून उठवून शाळेत आणायची आणि संध्याकाळपर्यंत तिथे टिकवायची. चोवीस वर्षं ती रोज सकाळी घराघरासमोर गाडी थांबवून दोनदा हॉर्न वाजवत होती. तिसऱ्यांदा हॉर्न वाजला तर आंटी स्वतः घरात येते आणि पांघरूण ओढते, हे सगळ्या पोरांना माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी खाणीच्या कंपनीने शाळेतल्या मूळनिवासी पोरांसाठी मेंटॉरचा उपक्रम पुरस्कृत केला. तेव्हापासून प्रत्येक सत्रात सिडनीच्या विद्यापीठातली गोरी मुलंमुली आठ-दहा दिवस यायची, पोरांना मिठ्या मारायची, त्यांची स्वप्नं विचारायची आणि परत जायची. पोरांना जांभळ्या हुडी मिळाल्या, बाहीवर कंपनीचं नाव. शाळेतल्या मर्लच्या खोलीत तिने घरून आणलेला दोन पावांचा टोस्टर होता, त्याच्या जागी कंपनीने सहा पावांचा दिला. त्याच्यावरही नाव. हुडींची खोकी मर्लनेच फोडली, मापाप्रमाणे गठ्ठे लावले. पोरांच्या झाल्या, मेंटॉर मंडळींच्या झाल्या, शिक्षकांच्या झाल्या. तिच्या नावाची नव्हती. जांभळा रंग आपल्याला कुठे शोभतो, असं ती मनाशी म्हणाली. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हेही तिला लगेच कळलं.

गाडीतलं टोस्टचं ते बोलणं झालं त्याच सोमवारी मुख्याध्यापिकेने तिला आठ फॉर्म दिले. कंपनी आठ पोरांना आठवडाभर सिडनीला नेणार होती. तिथे विद्यापीठ दाखवणार, मोठं हॉस्पिटल दाखवणार.

"शुक्रवारी दुपारी बारापर्यंत घरच्यांच्या सह्या हव्यात, मर्ल. फॉर्म नाही आला तर ती जागा दुसऱ्या शाळेला जाईल. तुमच्याशिवाय हे काम कुणाला जमायचं नाही."

हे मात्र खरं होतं. मंगळवारपर्यंत मर्लने सात सह्या आणल्या. आठवा फॉर्म टलीशाचा होता. तो तिने डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला आणि कप्पा बंद केला. आज जाऊ, उद्या जाऊ, असं ती स्वतःला सांगत राहिली. टलीशा जिच्याकडे राहायची त्या तिच्या आजीचं, नॅन ऑड्रीचं, घर मर्लच्या रोजच्या वाटेवर पहिलं होतं.

गुरुवारी फीबी तिच्या खोलीत आली. वीस वर्षांची, नाकावर उन्हाने सोललेली कातडी, डोळे लाल.

"आंटी मर्ल, थोडं बोलू का तुमच्याशी?"

आंटी म्हणायचं हे या मुलांना उपक्रमाच्या पहिल्या तासाला शिकवत असत. मर्लला ते दर वेळी टोचायचं.

"बोल."

"मी काल टलीशाच्या नॅनकडे गेले होते. मुख्याध्यापिकेकडून कोरा फॉर्म घेऊन. त्यांनी चहा दिला, गरम रोटी दिली, वर सिरप घातलं. माझ्याशी फार छान वागल्या. पण सहीचं काढलं की म्हणायच्या, डोळ्यांना दिसत नाही."

"वय झालंय तिचं."

"पण खिडकीतून बघून त्यांनी रस्त्यापलीकडच्या कुत्र्याचं नाव सांगितलं मला."

मर्लला हसू आलं आणि ते लपवायला ती टोस्टर पुसू लागली. "आणखी काय विचारलं तिने?"

"तू कुणाची गं, असं. मी विद्यापीठाचं नाव सांगितलं. त्यावर त्या नुसत्याच हो हो करत राहिल्या. माझं काही चुकलं का?"

चुकलं नव्हतं. नॅन दारात येणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच विचारायची, आणि आईचं नाव, आजीचं नाव, नदीच्या कुठल्या वळणावरची माणसं ते सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं होत नसे. एका वाक्यात हे फीबीला सांगता आलं असतं. चल, मी येते तुझ्याबरोबर, असंही म्हणता आलं असतं. मर्लच्या मनात मात्र गारेगार वाटत होतं. विमानाने येतेस ना, मग घे विमानानेच सही.

"बघते मी," ती म्हणाली.

फीबी जाताना तिच्या गळ्यात पडली. मर्लचे हात खाली लोंबत राहिले.

शुक्रवारी सकाळी नॅनच्या घरासमोर दोन हॉर्न झाले. टलीशा आली, पुढच्या सीटवर बसली आणि टोस्ट हातात घेऊन नुसती बसून राहिली. अंगात हुडी नव्हती.

"हुडी कुठाय?"

"धुवायला टाकली." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी फीबीला काल 'नाही' म्हणून सांगितलं, आंटी. नाही जाणार मी सिडनीला."

मर्लला मोकळं वाटलं. त्याची लाज वाटायला थोडा वेळ लागला. "का गं?"

"नॅन म्हणाली, सात जणांच्या घरी मर्ल कागद घेऊन गेली आणि आपल्याकडे आली नाही. म्हणजे मर्लला काहीतरी कळलेलं असणार. ती उगीच टाळायची नाही." टलीशाने टोस्टचा कोपरा मोडला. "काय कळलंय गं तुला? तिथे काही वाईट आहे का? का मीच त्या सातांइतकी हुशार नाही? सांग ना, मला राग नाही येणार."

मर्लने गाडी कडेला घेतली.  चोवीस वर्षं जमवलेली पत होती ती. तिच्या जळफळाटाला या दोघींनी शहाणपण समजून मान दिला होता. पोरगी स्वतःलाच कमी समजून बसली होती. एखादी शिवी खाल्ली असती तर बरं वाटलं असतं.

तिने गाडी वळवली.

"आंटी, बाकीचे वाट बघतील."

"बघू देत."

नॅन ऑड्री स्वयंपाकघरात पीठ मळत होती. वय अठ्ठ्याहत्तर, हात अजून दणकट. कागदाचं तिचं वावडं साऱ्या मिशनला ठाऊक होतं. ती सात वर्षांची असताना एक बाई सरकारी कागद घेऊन आली होती. पोरीला शाळेत घालायचंय, असं गोड बोलून तिने नॅनच्या आईकडून कागदावर फुली मारून घेतली. नॅनची धाकटी बहीण आयरिस त्या बाईच्या मोटारीत बसली, काचेतून हात हलवला, आणि पुन्हा कुणाला दिसली नाही. तेव्हापासून नॅन कुठल्याही कागदाला हात लावत नसे. अपवाद मर्लने आणलेल्या कागदाचा. मर्लने तो मोठ्याने वाचायचा, नॅनने सही करायची, आणि खाली साक्षीदार म्हणून मर्लने.

मर्लने फॉर्म टेबलावर ठेवला. कप्प्यात राहून त्याला घडी पडली होती.

"आणलास होय?" नॅनने हात पुसले. "मग काय कळलं तुला? खोट काय आहे यात?"

"कागदात काही खोट नाही, नॅन. खोट माझ्यात आहे."

टलीशा दारात उभी होती. तिला बाहेर पाठवावं असं मर्लला फार वाटलं. पण तिच्यापासून लपवून हे सांगणं म्हणजे आणखी एक कप्पा बंद करण्यासारखंच होतं.

"सोमवारपासून गाडीत पडलाय हा. मला त्या गोऱ्या पोरीचा हेवा वाटला. ही म्हणाली, नर्स हो म्हणणारी फीबी पहिली.  म्हटलं, नाही मिळाली सही तर नाही मिळाली. राहू दे पोरगी इथेच, माझ्याजवळ."

 नॅन खुर्चीवर बसली.

"मला वाचता येतं, मर्ल. अडखळत का होईना, येतं. तरी मी तुझ्याकडून वाचून घेते. ते का? कागद काय, कसाही लिहितात. मी तुझ्या तोंडाकडे बघून सही करते. तूच तोंड फिरवलंस तर मी कुणाकडे बघायचं?"

मर्लने फॉर्मची घडी हाताने सपाट केली.

"वाच," नॅन म्हणाली. "सगळा वाच. बारीक अक्षरातलंसुद्धा."

मर्लने वाचला. प्रवासाचं, राहण्याचं, औषधांचं, कंपनीला फोटो वापरू देण्याचं. दोनदा तिची ओळ चुकली. दोन्ही वेळा नॅन पेन धरून थांबली. मग नॅनने एकेक अक्षर जोडत सही केली आणि पेन तिच्यापुढे सरकवलं.

"खाली तुझं नाव घाल. मत्सर कुणाला सुटलाय? माझी बहीण शेजारणीच्या मांडीवर बसली तरी मी चिमटे काढायची तिला." आयरिसचं नाव तिने घेतलं नाही. "पण ते पोरांच्या वाटेत आणू नये."

परत गाडीत बसताना मर्लने सवयीने पुढच्या सीटवरची आपली पिशवी उचलली. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. टलीशा मागे बसली होती, खिडकीशी.

"टोस्ट राहिलाय तुझा इथे," मर्ल म्हणाली.

"भूक नाही."

फॉर्म पावणेदहाला शाळेत पोचला.

रविवारी सकाळी शाळेसमोर बस उभी राहिली. कंपनीचा माणूस आला होता, इस्त्रीच्या शर्टातला. तो भविष्याबद्दल चार वाक्यं बोलला. मग फोटो काढायचं ठरलं, पण बॅनर वाऱ्याने सारखा पोरांच्या डोक्यावर येऊन आदळत होता.

"आंटी मर्ल, तुम्ही पण या ना फोटोत," फीबीने हाक मारली. मनापासून मारली होती, हे मर्ललाही दिसलं.

"मला काय करायचाय फोटो? बॅनर धरते मी."

ती मागे गेली आणि दोन्ही हात पसरून बॅनर ताणून धरला. पुढून हसण्याचे आवाज येत होते. टलीशाचं हसू त्यातून तिला वेगळं ओळखू आलं. ते फीबीच्या कुठल्याशा बोलण्यावर होतं. पुन्हा तोच हेवा वाटला. जात नाही म्हणजे नाही, असं तिला वाटलं, आणि हात भरून आले तरी तिने बॅनर खाली येऊ दिला नाही. बस निघताना टलीशाने खिडकीतून नॅनला हात केला. मर्लने नुसतीच बस वळणाआड जाईपर्यंत बघितली.

त्या आठवड्यात पाचही दिवस तिने नॅनच्या घरासमोर दोनदा हॉर्न वाजवला. नॅन दारात येऊन म्हणायची, "बहिरी नाही मी. जा पुढे."

पुढच्या सोमवारी टलीशा हुडी घालून बाहेर आली. केस नवीनच पद्धतीने बांधलेले होते. मर्लने पुढच्या सीटवरची पिशवी उचलून पायाशी ठेवली. टलीशा क्षणभर थांबली आणि मागे जाऊन बसली. मर्लने फॉइलचं पुडकं खांद्यावरून मागे दिलं. या वेळी तिने ते घेतलं. आत उकडलेलं अंडंही होतं.

थोडं पुढे गेल्यावर मागून एक कागद पुढे आला. गावच्या पेपरातलं कात्रण होतं. आठ पोरं, फीबी, इस्त्रीचा शर्ट आणि त्यांच्या मागे कंपनीचं नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत. बॅनरच्या खालच्या कडेशी निळ्या पेनाने एक गोल काढलेला होता. गोलात दोन तपकिरी बूट होते, एकाची नाडी सुटलेली.

"हे काय?"

"नॅन विचारत होती, यात मर्ल कुठाय," टलीशा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी दाखवलं तिला."

मर्लने कात्रण पुढच्या रिकाम्या सीटवर ठेवलं आणि उडून जाऊ नये म्हणून त्यावर आपली पिशवी ठेवली.

"दिसणारेत हे माहीत असतं तर पुसले असते," ती म्हणाली, आणि पुढच्या घरासमोर थांबून तिने दोनदा हॉर्न वाजवला.