यंदाचा नंबरी खेळ

त्या निवडीत जो तो आपापला लाभ बघत होता. वाल्मिकला वर्षाचं भाडं एकदम मिळणार होतं. चंदरच्या दुकानावर बसणाऱ्या माशा उठून तिथं माणसं बसणार होती. गजाला कर्जतच्या बाजारात पहिला नंबर मिरवायला मिळणार होता. धर्माजींना काय मिळणार होतं, हे मात्र कोणी विचारलंच नव्हतं. आणि माझा अनुभव असा, की ज्याला कोणी विचारत नाही त्याचाच वाटा पुष्कळदा सगळ्यांत मोठा असतो.

मित्रांनो, एवढी नावं एकदम अंगावर आली म्हणून गोंधळू नका. एकेकाची ओळख करून देते. आधी माझी. मी व्हिडिओ गेमची जुनी पेटी आहे. मुंबईतल्या एका सुताराच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. अंग प्लायवूडचं, तोंडाला मोडीत निघालेल्या टीव्हीची काच, छातीवर डावीकडे एक दांडी, उजवीकडे एक लाल बटण आणि पोटाला एक फट. त्या फटीतून आठ आण्याचं नाणं आत पडल्याशिवाय मी कोणाचं ऐकत नाही. सतत नाणी पोटात घेऊन उभी असल्यामुळे माणसं वजन करून बघायची सवय मला आपोआप लागली. त्यात माझा दोष नाही.

खेळ मात्र माझा स्वतःचा नव्हता. माझ्या पोटात सर्किटची एक हिरवी पाटी बसवतात, तिच्यावर तो असतो. पाटी बदलली की मी बदलले. सकाळी विमानं, संध्याकाळी मोटारी. माणसांना असं बदलता येत नाही म्हणतात. म्हणोत बापडे, मी बाजारपेठेत उभी होते.

शहाऐंशी साली टेंपोत आडवी पडून मी कर्जतला आले. चंदर रेडिओ दुरुस्त करायचा. पण घरोघर नवे टेपरेकॉर्डर आले आणि जुने रेडिओ दुरुस्तीला यायचे थांबले, तेव्हा त्यानं मला दुकानाच्या दाराशी उभं केलं. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची अशा दोन तसबिरी होत्या. चंदरच्या आईनं, गंगाबाईंनी, नारळ फोडला नाही की कुंकू लावलं नाही. ओल्या फडक्यानं माझी काच लख्ख पुसली आणि म्हणाल्या, "लायटीचं बिल खाऊ नको म्हंजी झालं." माझं स्वागत एवढंच. पण मला ते फार आवडलं.

धर्माजी म्हणजे चंदरचे वडील. जन्मभर रेल्वेत, कर्जतच्या यार्डात पॉइंट्समन. घाट चढायला गाडीच्या मागून इंजिन जोडतात ना, त्या जोडणीत त्यांची हयात गेली. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय काठीवर सावरला, हात मात्र मांडीवर पाहुण्यासारखा पडून राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, हात हलवत राहा, रबरी चेंडू दाबा. धर्माजींनी चेंडू शेजारच्या पोराला देऊन टाकला. "डावाच गेलाय," ते म्हणायचे, "जेवायचा शाबूत हाय. म्हाताऱ्याला आनखी काय पायजे?" असं हसत म्हणणाऱ्या माणसाला काय हवं असतं, ते गंगाबाईंच्या तोंडावर दिसायचं.

मे महिन्यात मुंबईचा वाल्मिक आला. तो माझ्यासारख्या पेट्यांना पाट्या भाड्यानं द्यायचा. त्यानं पिशवीतून तीन पाट्या काढल्या आणि काउंटरवर बोंबील मांडावेत तशा मांडल्या.

"चंदरशेठ, जानेवारीपासून आजपावेतो मुंबईत जेवढे गेम उतरले, त्यातले हे तीन नंबरी. बाकी सगळं भंगार. आठवडा आठवडा लावून बघ. पब्लिक काय बोलते ते ऐक. एक ठेव, दोन मी घेऊन जातो."

"तिन्ही नाय का ठेवता येत?"

"पेटी एक, पाटी एक. तीन पाट्या पायजेत तर भाडी पण तीन."

पहिला आठवडा मोटारींचा गेला. पोरांनी करवंदांनी जांभळी झालेली बोटं माझ्या अंगाला पुसली, मोटारी खड्ड्यात घातल्या आणि मला दोष दिला. गजा तर खेळायलाच तयार नव्हता. गजा म्हणजे कळंबहून भाजीचा टेंपो आणणारा पंचविशीतला गडी, बोलायला तिखट. "दिवसभर टेंपो हाकायचा," तो म्हणाला, "आन् संध्याकाळी पैसे देऊन परत हाकायचा? येडा हाय का मी?"

दुसऱ्या आठवड्यात विमानं आली आणि गल्ली भरली. डाव्या हातानं दांडी फिरवायची, उजव्यानं बटण दाबून गोळ्या मारायच्या. एकेक डाव मिनिटात संपायचा, हरलेला चिडून पुन्हा खिसा चाचपायचा. मागं बघ्यांची ही गर्दी! गजा त्यात असा रमला की त्याचा पहिला नंबर आला. पहिला येणाऱ्याला काचेवर आपल्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं लिहिता येत. गजाला इंग्रजी अक्षरं तीनच येत होती, त्यामुळे अडचण आली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो काचेसमोर धरून ती अक्षरं वाचायला लावायचा.

तिसरा आठवडा विटांचा. वर विटांची भिंत, खाली एक फळी, मध्ये उडणारा चेंडू. दांडीनं फळी डावी-उजवीकडे सरकवायची, चेंडू परत पाठवायचा, भिंत फोडायची. बटणाला कामच नाही. खेळ चांगला होता, पण गल्लीला जांभया आल्या. जो रंगला तो हलेना, आणि मागचा उभ्याउभ्या कंटाळून निघून जाई.

दुपारी चंदर जेवायला गेला, की अर्ध्या फळ्या लावलेल्या दुकानात धर्माजी राखणीला बसत. चंदर म्हणाला होता, "बाबा, जरा दांडी धरून तर बघा." त्यावर "मला काय पोर समजतोस?" असं खेकसणं झालं होतं. पण त्या दुपारी कोणी नाही असं बघून ते उठले. स्वतःच्या खिशातलं नाणं माझ्या फटीत टाकलं. दुकान मुलाचं, पेटी मुलाची. पण जन्म रेल्वेत गेलेला, बिनतिकीट बसणार कसे? उजवा हात काठीला हवा होता, म्हणून त्या हातानं त्यांनी डावा उचलून माझ्या दांडीवर नुसता ठेवला आणि उजवा परत काठीवर नेला. चेंडू लगेच पडला. दुसरा पडला. तिसरा एकदाच परत गेला. "आं!" असं काहीतरी ते बोलले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

आठवडा सरता सरता ती बोटं दांडीवर नुसती पडून राहीनात, वळायला लागली. मला ते आधी कळलं, कारण दांडी माझी. चंदरला नंतर कळलं, दाराच्या फळ्यांच्या फटीतून. तो आत आला नाही. परत जाऊन ओट्यावर बसून राहिला.

आता खरी अडचण आली. विमानं ठेवली तर दुकान चालणार. विटा ठेवल्या तर बापाचा हात चालणार. चंदरच्यानं ठरवेना. मग त्यानं जाहीर केलं, "गावानं ठरवावं." मित्रांनो, माणसाच्या मनात जे करायचं पक्कं असतं, तेच करण्यासाठी तो गावाचं मत विचारतो. वाल्मिक परत यायच्या आधीच्या, चौथ्या आठवड्यात पाट्या आलटून पालटून लावायच्या, नाणं टाकणाऱ्याला एक चिंचोका द्यायचा, आणि त्यानं तो आपल्या आवडत्या खेळाच्या डालड्याच्या डब्यात टाकायचा.

गंगाबाईंनी कपाळावर हात मारला. "चिंचोके? कर्जतात? अरं, दाराशी चिंच नाय असं घर दाखव मला! गाढव बी धा मतं टाकून जाईल!"

आणि तसंच झालं. पहिल्याच संध्याकाळी तिन्ही डबे काठोकाठ. पाटी लागलीसुद्धा नव्हती त्या खेळालाही भरघोस मतं. मग चंदरनं सगळे ओतून दिले, माझ्या पोटातली नाणीही काढून घेतली, मोजके चिंचोके तेलाच्या लाल रंगात रंगवले आणि काउंटरवर वाडग्यात ठेवले. आता चोरी करायला वाव होता तो घरच्यांनाच.

घरच्यांनी तो वाया घालवला नाही. मोजणीच्या दिवशी सकाळी चंदरनं दुकान उघडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि मूठभर लाल चिंचोके विटांच्या डब्यात सोडले.

दुपारी धर्माजी आले. आज त्यांनी नाणं टाकलं नाही. काठी टेकत काउंटरपाशी गेले, वाडग्यातून एक चिंचोका उचलला आणि विमानांच्या डब्यात टाकला. मग आणखी एक. मग आणखी एक. मुलाच्या दुकानावर गर्दी व्हावी म्हणून ज्या खेळानं आपलं भलं केलं त्यालाच हा माणूस पाडत होता. तेवढ्यात गंगाबाई चहा घेऊन फळीआडून आल्या.

धर्माजी चपापले. "कोनाला सांगू नको. पोराचं दुकान चाललं पायजे."

गंगाबाई पुढं वाकून बघायला लागल्या. कप हातात तसाच.

"अगं, काय झालं?"

"अवं," त्या हळूच म्हणाल्या, "कुठल्या हातानं टाकताय?"

धर्माजींनी खाली पाहिलं. उजवा हात काठीवर होता. डाव्या अंगठ्यात आणि बोटात एक लाल चिंचोका धरलेला होता. गुळगुळीत, निसटणारा, पण धरलेला. मग त्यांना तो डब्यात टाकवेना. नवऱ्याची चोरी पकडून आनंदानं रडणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

संध्याकाळी वाल्मिक आला. गल्ली जमली. त्यानं माझं पोट उघडून नाणी मोजली, मग चिंचोके मोजले, आणि डोकं खाजवलं.

"चंदरशेठ, नाणी कमी, चिंचोके जास्त. चिंचोके व्यायले काय?"

लोक हसले. चंदरची मान खाली गेली. "विटांच्या डब्यात मी टाकले."

"आन् इमानांच्या डब्यात म्या," धर्माजी म्हणाले.

कोण कोणासाठी खोटं वागलं, ते बापलेकांना तिथं गल्लीसमोर कळलं.

"बाबा, विटाच ठेवतो मी," चंदर म्हणाला. "तुमचा हात..."

"हात आला रं. तू दुकान बघ. इमानं ठेव."

"अजून पुरता नाय आला! सोडला तर परत बसंल."

दोघंही खरं बोलत होते, म्हणून कोणी मागं हटेना. वाल्मिक घड्याळ बघायला लागला. तेव्हा गर्दीतून गजा पुढं झाला.

"इमानं ठेवा. गावाला तीच पायजेत. आन् बाबांचं काय अडतंय? दांडी डाव्या हाताची, बटन उजव्या हाताचं. बाबांनी दांडी धरायची, बटन मी दाबतो."

"तुज्यासंगं?" धर्माजी म्हणाले. "माज्यापायी अडकलास आन् दुसऱ्या कोनी तुजा नंबर मारला तर?"

विमानांची पाटी लागली की काचेवर जिथं त्याची तीन अक्षरं उमटत, तिथं गजानं बोट फिरवलं. "गेला तर गेला. चला, बाबा."

पाटी बसली. गजानं नाणं टाकलं. एक दांडी, दोन माणसं.

"बाबा, तिकडं नका! तिकडं गोळ्या हायत!"

"मंग तू कशाला हायस? मार की!"

विमान पडलं. सगळी गल्ली ओरडली. पुढचा डाव थोडा लांबला, त्याच्या पुढचा आणखी. नंतर ती रीतच पडली. धर्माजी आले की दांडी त्यांची, आणि बटणाला जो हजर असेल तो, बहुतेक गजाच. विटांचा खेळ ते एकटे खेळले होते. विमानं त्यांना एकट्यानं खेळताच येत नव्हती. म्हणून त्या वर्षातला सगळ्यांत चांगला खेळ तोच, असं मी तरी म्हणते.

तीन वर्षांत मी म्हातारी झाले. आमच्यात आयुष्य एवढंच. रंगीत, मोठ्या पेट्या आल्या आणि मी मागच्या खोलीत गेले. माझी दांडी सैल झाली आहे, काचेवर धूळ आहे. त्याचं दुःख आहे, पण फार नाही. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. हरलात म्हणून यंत्राला लाथ मारू नका, आतल्या तारा नाजूक असतात. आणि कोणाचा हात हळू चालत असेल तर "सरका, मी करतो" म्हणून त्याच्या हातातलं काढून घेऊ नका. शेजारी उभे राहा. बटण तुम्ही दाबा.

आता राहिला हिशेब. वाल्मिकला भाडं मिळालं, चंदरला गिऱ्हाईक मिळालं, धर्माजी आपल्या सदऱ्याची बटणं दोन्ही हातांनी लावतात. आणि भरलं कोणी? गजानं. रोजचं नाणं भरलं, शिवाय आपला पहिला नंबर. दुसऱ्याच महिन्यात खालापूरच्या एका पोरानं तो पटकावला. गजानं तो परत मिळवायचा एकदाही प्रयत्न केला नाही. धर्माजींशिवाय तो माझ्यासमोर पुन्हा कधी उभाच राहिला नाही.