ठगूमायने आणलेल्या गोगलगायी

हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात तापीकाठचा ओला खडक चकाकू लागला की मला ठगूमायची बोटे दिसतात. दृष्टी मंदावलेली ती वृद्ध कोळीण कपारीत हात घाली आणि आत कोण वसते आहे ते स्पर्शानेच ओळखे; शिंपला, खेकडा, गोगलगाय, प्रत्येकासाठी तिच्या चेहऱ्यावर निराळे स्मित उमटे.

मग वरच्या पुलावर तेलाचा टँकर उलटला. प्रवाहावर सप्तरंगी विषारी साय पसरली आणि खडक काळ्या, चिकट मौनाखाली गुदमरून गेले. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारी मी दर महिन्याला म्हसावदहून येऊन, ठरलेल्या खडकावर तारेची चौकट ठेवून आतले जीव मोजू लागले. ठगूमाय शेजारी बसून राही. मी ‘शून्य’ म्हणे, आणि वाऱ्याने लव्हाळे वाकावे तशी तिची मान किंचित खाली जाई.

माघातल्या एका सकाळी चौकटीत सात गोगलगायी होत्या. मी हर्षाने ओरडलेच. ती मात्र पदराच्या ओल्या टोकाशी चाळा करीत राहिली. तिचे पाय गुडघ्यांपर्यंत चिखलाने माखले होते.

“तू आणल्यास, माय?”

“वरथून लई वनू. आठे कोनीच नही, नदीले करमत नही व्हतं.”

पुलाच्या वरच्या अंगाने आणून इथे सोडलेल्या या मोजता येणार नाहीत, नोंद खोटी ठरेल, असे मी तिला हलकेच सांगितले.

“नको मोजू, पोरी. पन त्यास्ले आठेच ऱ्हाऊ दे.”

मी वहीत पुन्हा शून्य लिहिले. त्याहून निर्दय अक्षर माझ्या हातून आजवर उमटलेले नाही.

चैत्रात तीन दिवसांच्या तापाने ठगूमाय गेली. मला ते पुढच्या फेरीत, काठावर धुणे धुणाऱ्या तिच्या सुनेकडून कळले.

यंदाच्या हिवाळ्यात त्या खडकावर मोहरीएवढ्या गोगलगायी दिसल्या. त्या नदीने स्वतः पोसलेल्या, की त्या सातांच्या वंशातल्या, हे कोणतेही शास्त्र मला सांगू शकत नाही. मी संख्या लिहिली. शेऱ्याच्या रकान्यावर लेखणी कितीतरी वेळ थबकली आणि तो तसाच कोरा राहिला. काळ जे परत करतो त्यावर देणाऱ्याचे नाव नसते. स्मरणाला उरलेले आयुष्य त्या न लिहिलेल्या जागेतच काढावे लागते.