ताईंच्या संगणकाशेजारचा घोडा

मी एक जुना लाकडी घोडा आहे. मित्रांनो, लगेच लगाम शोधू नका. मला ना आयाळ, ना शेपूट. मी ग्रंथालयातला तीन पायऱ्यांचा घोडा, वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला ज्यावर चढतात तो.

माझा जन्म एका चुकीतून झाला. ग्रंथालयाची कपाटं करताना सुतारानं माप धरलं ते स्वतःच्या उंचीचं, आणि सुतार होता ताडमाड. कपाटं भिंतीला लागल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं, की वरच्या फळीला त्याच्याखेरीज कुणाचाच हात पोचत नाही. मग उरल्यासुरल्या लाकडातून त्यानं घाईघाईनं मला केलं. माझा एक पाय वेगळ्याच लाकडाचा आहे आणि जरा आखूडही आहे. त्यामुळे मी पहिल्यापासून डुगडुगतो. दुसऱ्याची चूक निस्तरायला जन्माला आलेल्याचे लाड कोण करणार?

ते ताईंनी केले. ताई संदर्भ विभागात लागल्या तेव्हा नुकतं शिक्षण संपवलेल्या, उंचीनं बेताच्या आणि कामाला वाघ होत्या. पहिल्याच दिवशी माझ्यावर चढताना त्यांना माझी डुगडुग कळली. त्या खाली उतरल्या, पुठ्ठ्याची घडी करून माझ्या आखूड पायाखाली सरकवली आणि पुन्हा चढल्या. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

त्यांची कामाची एक तऱ्हा होती. वाचक काही मागायला आला, की त्या लगेच पुस्तकाकडे धावत नसत. “हे कशासाठी हवंय तुम्हाला?” असं आधी विचारत. मग माझ्या दुसऱ्या पायरीवर उभ्या राहून क्षणभर गप्प होत. विचार करायची त्यांची जागा तीच. मागितलेलं पुस्तक तर त्या काढतच, पण त्याच्या डावी-उजवीकडचीही दोन-चार घेऊन उतरत. म्हणायच्या, “माणूस पारखायचा तर शेजारीपाजारी बघावेत. पुस्तकाचंही तसंच असतं.” कितीदा तरी वाचकाला हवं ते शेजारच्याच पुस्तकात सापडे. असा वाचक हसत निघाला, की माझ्या पायऱ्यांनाही बरं वाटे.

एकच वाक्य बोलताना त्यांचा जीव कासावीस व्हायचा. “ते बाहेर गेलंय हो. पुढच्या आठवड्यात चक्कर मारा.” हे सांगून झालं, की त्या मला उगाचच इकडून तिकडे सरकवत राहायच्या.

बघता बघता ताईंचे केस पांढरे झाले आणि ग्रंथालयात नव्या प्रमुख मॅडम आल्या. वयानं ताईंच्या लेकीएवढ्या, हुशार आणि कायम घाईत. एके दिवशी त्यांनी ताईंना समोर बसवून स्पष्टच सांगितलं, “ताई, छापील संशोधनपत्रिका आता बंद होतायत. सगळे लेख ऑनलाइन डेटाबेसमधून शोधायचे. महिनाअखेरपर्यंत तुम्हाला ते जमलं तर संदर्भाची खुर्ची तुमचीच. नाही जमलं तर मला दुसरं कुणी बसवावं लागेल. तुम्हाला तळघरात जुने अंक लावायचं काम देईन. वाईट वाटून घेऊ नका.”

त्याच आठवड्यात चाकांची चकचकीत ॲल्युमिनियमची शिडी आली. माझीही रवानगी तळघरातच ठरली. म्हणजे बुडालो असतो तर दोघं एकाच डोहात बुडालो असतो. मला माझं फार वाईट वाटत नव्हतं. पण वाचकांशिवाय ताई, हे चित्र काही मला बघवेना.

शिकवणी सुरू झाली. मॅडम शेजारी बसायच्या आणि ताईंचा हात जरा अडखळला, की “द्या इकडे, मी दाखवते,” म्हणून माऊस ओढून घ्यायच्या. टकटकटक, झालं. “कळलं?” ताई मान हलवायच्या. मॅडम गेल्यावर पडद्याकडे बघत पुटपुटायच्या, “त्यांना येतं, हे कळलं. मला काय आलं?”

एकदा त्यांनी शोधायच्या चौकटीत चक्क लिहिलं, की मधमाश्यांच्या आजारांविषयी लेख असल्यास कृपया द्यावेत. यंत्राला कसली आलीय कृपा? त्यानं लाखभर लेख अंगावर टाकले. तरी दुसऱ्या दिवशी ताई पुन्हा बसल्या, तिसऱ्याही दिवशी बसल्या. आपलं हसं होतंय हे माहीत असूनही जो रोज त्याच जागी येऊन बसतो ना मित्रांनो, त्याच्या धैर्यापुढे मी माझ्या तिन्ही पायऱ्या वाकवायला तयार आहे.

मधमाश्या मध्येच कुठून आल्या, ते सांगतो. मधपेट्या ठेवणारे एक काका आमचे जुने वाचक. त्यांच्या पेट्यांमधल्या अळ्या मरू लागल्या होत्या. ताईंनी वरच्या फळीवरची सगळी पुस्तकं शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट त्यांना दिली होती, पण ती पडली जुनी. काका हताश होऊन परत गेले होते आणि ताईंच्या मनाला ते लागून राहिलं होतं.

एका दुपारी मॅडम आल्या तर ताई एकेक उघडलेला लेख घाईनं बंद करत होत्या.

“अहो ताई, एवढे शोधलेत आणि बंद का करताय?”

“जेवायला जाईन म्हणते. मी एकटीनं कशाला अडवून ठेवू? तेवढ्यात दुसऱ्या कुणाला हवे असले तर?”

जन्मभर पुस्तक जागेवर ठेवूनच त्या जागेवरून उठल्या होत्या. लेख उघडला म्हणजे तो फळीवरून उतरला, अशीच त्यांची समजूत. मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. म्हणाल्या, “ताई, तो कुठे जात नाही. एकच लेख एका वेळी कितीही जण वाचू शकतात.”

ताईंचा हात माऊसवर तसाच राहिला. “म्हणजे ‘बाहेर गेलंय, पुढच्या आठवड्यात या’ असं कुणालाच सांगायला नको?”

“कुणालाच नको.”

ताई पदरानं डोळे टिपून म्हणाल्या, “हे आधी सांगायचं नाही का, बाई? मी खुर्ची टिकवायला शिकत होते. आता शिकायचं म्हणून शिकते. फक्त एक करा, माऊस माझ्याच हातात राहू द्या.”

मॅडम ओशाळल्या. पण त्या दिवसापासून त्या शेजारी बसल्या तरी हाताची घडी घालून बसत. बोटं शिवशिवत असतील, पण घडी सोडली नाही. मला त्यांचंही कौतुक वाटतं.

महिना संपता संपता काका पुन्हा आले. त्यांच्या आणखी पेट्या रिकाम्या पडल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, “ताई, तुम्ही शोधा. मी नुसती बघते.”

ताई खुर्चीत बसल्या. पण एक अक्षर लिहवेना. मी कोपऱ्यात तळघराच्या वाटेवर उभा होतो. ताईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, उठल्या, मला ओढत संगणकाशी आणलं, पायाखालचा पुठ्ठा नीट केला आणि माझ्या दुसऱ्या पायरीवर बसल्या. क्षणभर गप्प झाल्या. मला कळलं, आता गाडी रुळावर आली.

“काका, मेलेल्या अळ्या दिसतात कशा?”

“पांढऱ्या होतात, ताई. आणि कडक. हातात घेतल्या तर खडूचे तुकडे वाटतात.”

आता कृपा नाही, विनंती नाही. ताईंनी मोजकेच शब्द लिहिले. लाखाचे थोडके लेख झाले. पहिला लेख काकांच्या उपयोगाचा नव्हता, पण त्याच्याखाली विषयाचे शब्द दिले होते आणि शेवटी आधाराला घेतलेल्या लेखांची नावं होती. ताई पुढे झुकल्या. “अगंबाई, हे तर शेजारीपाजारी!” त्या शेजाऱ्यांचा माग काढत गेल्या आणि हवा तो लेख सापडला. तो बुरशीचा आजार होता. ओल धरलेल्या, हवा न खेळणाऱ्या पेट्यांमध्ये तो बळावतो, असं त्यात लिहिलं होतं.

काका चटकन म्हणाले, “पेट्या मीच भिंतीच्या सावलीत हलवल्या. तिथं कायम ओल असते.”

लेख छापून घेऊन ते जवळजवळ पळतच गेले. काही आठवड्यांनी सांगायला आले, की उरलेल्या पेट्या वाचल्या. पण मॅडमनी तेवढी वाट पाहिली नाही. काका दाराबाहेर पडताच त्यांनी घातलेली घडी सोडली आणि ताईंचा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाल्या, “ताई, खुर्ची तुमचीच.”

मित्रांनो, मी आता कपाटांशी जात नाही. तिथं ती चकचकीत शिडी फिरते, फिरू दे बापडी. खुर्ची वाचकाला देऊन ताई माझ्यावर बसतात आणि हसून म्हणतात, “बसा निवांत. आपल्याकडे आता काहीच बाहेर गेलेलं नसतं.”

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरी आई, आजोबा, काकू काही नवं शिकत असतील तर शेजारी बसा. त्यांच्या हातातला माऊस मात्र ओढून घेऊ नका. हाताची घडी घाला आणि थांबा. आणि कुठे माझ्यासारखा डुगडुगणारा घोडा दिसला, तर त्याला तळघराची वाट दाखवण्याआधी पायाखाली पुठ्ठ्याची एक घडी सरकवून बघा. आम्हा दोघांना तेवढंच लागलं होतं.